पडद्यावरचं रोम खरं किती? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

रोमन सिनेमांवर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं आणि पत्रांचा अक्षरशः पाऊस पडलाय. सगळी छापणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेते, काहींची उत्तरं लांबली आहेत, इलाज नाही, विषयच तसा आहे.

प्रश्न : ताई, 'ग्लॅडिएटर' मी कमीत कमी दहा वेळा पाहिलाय. मॅक्सिमस खरंच होऊन गेला का? आणि कॉमोडसने बापाला मारून गादी मिळवली हे खरं का? माझा मित्र म्हणतो सगळं खोटं आहे. (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी)

सगळं खोटं नाहीये रे. मॅक्सिमस तेवढा लेखकांनी बनवलेला. सम्राट मार्कस ऑरेलियस खरा, त्याचा मुलगा कॉमोडस खरा, त्याची बहीण ल्युसिला खरी, आणि सम्राट असून कॉमोडस स्वतः आखाड्यात उतरायचा हे तर शंभर टक्के खरं. गडबड आहे ती गादीच्या गोष्टीत. सिनेमातला म्हातारा मार्कस मुलाला बाजूला सारून मॅक्सिमसच्या हाती सत्ता देतो, सेनेटचं (रोमच्या थोरामोठ्यांच्या सभेचं) राज्य परत आण म्हणतो, आणि म्हणून मुलगा त्याला छातीशी कवटाळून गुदमरवून मारतो. सीन जबरदस्त आहे, पण प्रत्यक्षात मार्कसनेच १७७ साली, पोरगा जेमतेम पंधरा वर्षांचा असताना, त्याला आपल्या बरोबरीचा सम्राट करून टाकलं होतं. १८० च्या मार्चमध्ये उत्तरेच्या सरहद्दीवर मोहीम चालू असताना मार्कस आजारपणात गेला तेव्हा गादी कोणाची हा प्रश्नच नव्हता, ती आधीच दिलेली होती.

मला इथे खरी हळहळ वाटते, कारण जे घडलं ते सिनेमापेक्षा जास्त टोचणारं आहे. मार्कसच्या आधीच्या चार सम्राटांच्या मागे हयात मुलगाच नव्हता, त्यामुळे त्यांनी लायक माणूस बघून दत्तक घेतला, मार्कस स्वतः तसाच दत्तक आलेला. आणि एवढा विचारी माणूस, रात्री छावणीत बसून स्वतःच्या मनाला उपदेश लिहिणारा, त्याला मुलगा होता आणि त्याने मुलालाच दिलं. यात खून नाही, कारस्थान नाही, फक्त एक बाप आहे. सिनेमाने खून घातला आणि बापाला निर्दोष करून सोडून दिलं.

आखाड्यातल्या कॉमोडसचंही तसंच. कॅसियस डिओ नावाचा सेनेटर तेव्हा प्रेक्षकांत बसलेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलंय. कॉमोडसने एक शहामृग मारलं, मुंडकं कापलं आणि डाव्या हातात ते मुंडकं, उजव्या हातात रक्ताने माखलेली तलवार असा तो थेट सेनेटर बसले होते तिथवर आला. बोलला काही नाही. नुसतं हसत डोकं हलवलं, म्हणजे तुमचंही असंच करीन. आणि डिओ सांगतो की आम्हाला भीती वाटायच्या ऐवजी हसूच यायला लागलं, हसलो असतो तर जागच्या जागी मेलो असतो, म्हणून मी डोक्यावरच्या माळेतली तेजपानं (लॉरेलची पानं) काढून चघळायला लागलो आणि शेजारच्यांनाही सांगितलं चघळा, म्हणजे तोंड हलताना दिसेल आणि हसू लपेल. हे वाचल्यापासून मला तो सिनेमा बघताना सारखा तो पानं चघळणारा माणूस आठवतो. असा एक सीन कुठल्याही पटकथाकाराला सुचणार नाही, तो आयता पडून होता आणि घेतला नाही.

शेवटाचंही सांगून टाकते. कॉमोडस आखाड्यात मेला नाही, बापामागे पुरी बारा वर्षं राज्य करून १९२ च्या ३१ डिसेंबरला गेला, आधी विष दिलं, ते ओकून टाकलं म्हणून नार्सिसस नावाच्या पहिलवानाने त्याचा गळा आवळला. ल्युसिलाने कट केला होता हे खरं, पण तो १८२ च्या सुमारास, फसला, तिला काप्री बेटावर पाठवलं आणि तिथेच मारलं. आणि कॉमोडस गेल्यावर सेनेटचं राज्य वगैरे काही आलं नाही, उलट काही महिन्यांतच राजाच्या अंगरक्षक तुकडीने गादीचा लिलाव केला, दर शिपायामागे २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) बोली लावून दिदियस युलियानस सम्राट झाला. तोही जेमतेम दोन महिने टिकला.

प्रश्न : अंगठा वर केला की जीवदान आणि खाली केला की मारायचं, असंच होतं ना? (इयत्ता नववी)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. उत्तर ऐकून वाईट वाटेल कदाचित, पण हा अंगठा मुळात एका चित्रातून आलाय. जाँ-लेओं जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८७२ साली एक मोठं चित्र काढलं, विजयी ग्लॅडिएटर खाली पडलेल्याच्या गळ्यावर पाय देऊन उभा, आणि वर बसलेल्या बायका अंगठे खाली करून ओरडतायत. 'ग्लॅडिएटर'च्या निर्मात्यांनी दिग्दर्शक रिडली स्कॉटला पटकथा वाचायच्या आधी याच चित्राची प्रत दाखवली आणि तो तिथेच तयार झाला म्हणतात.

जुन्या लिखाणात काय आहे? युवेनाल नावाचा कवी म्हणतो लोक 'अंगठा वळवून' माणूस मारायला लावतात, पण वळवून म्हणजे वर की खाली की स्वतःच्या गळ्याकडे, ते सांगत नाही. आणि प्लिनी नावाचा रोमन लेखक लिहितो की एखाद्याची बाजू घ्यायची तर अंगठा दाबून धरतात, म्हणजे वर केलेला अंगठा हे जीवदान बहुधा नसावं. हरलेला ग्लॅडिएटर स्वतः एक बोट वर करायचा, मी हरलो म्हणून, ते मात्र जुन्या चित्रांत दिसतं.

आता महत्त्वाचं ऐक. दर लढाईत एक जण मरायचाच असं तुला सिनेमे पाहून वाटत असेल, तसं नव्हतं. या लढाईला पंच असायचा, हातात लांब काठी घेऊन उभा. आणि पैशाचा हिशोब बघ. गायस नावाच्या रोमन कायदेपंडिताने उदाहरण दिलंय, ग्लॅडिएटर भाड्याने आणला आणि धडधाकट परत गेला तर माणशी २० दिनार, मेला किंवा जायबंदी झाला तर माणशी १००० दिनार. पन्नास पट! खेळ भरवणारा माणूस कितीही श्रीमंत असला तरी एवढं नुकसान रोज कोण सोसेल. तुर्कस्तानात एफेसस इथे १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली, तिथल्या हाडांवर भरून आलेल्या जखमा आहेत, नीट जुळलेली फ्रॅक्चर्स आहेत, म्हणजे कोणीतरी चांगली मलमपट्टी केली, बरं केलं, पुन्हा लढायला पाठवलं. मरण होतंच, त्रिशुळाने भोक पडलेल्या कवट्याही तिथेच मिळाल्यात. पण ही माणसं महागडी होती आणि त्यांना सांभाळलं जायचं, आणि तो सांभाळ म्हणजे माया नव्हती, मालाची काळजी होती. मला हे थेट मारण्यापेक्षा जास्त भयानक वाटतं.

प्रश्न : घोड्यांना रिकिबी दाखवतात ती चूक आहे असं ऐकलं. मग रिकिबीशिवाय घोडेस्वार लढायचे कसे? पडायचे नाहीत का?

चूक आहेच. रिकीब युरोपात आली ती सहाव्या-सातव्या शतकात आवार नावाच्या घोडेस्वार टोळ्यांबरोबर, मार्कस ऑरेलियसनंतर चारेकशे वर्षांनी. सिनेमात ठेवतात कारण नट आणि स्टंटवाले त्याशिवाय पडतील, हाडं मोडतील, आणि त्यासाठी मी कोणालाही दोष देणार नाही.

पण कसे लढायचे हे फार सुंदर आहे. रोमन खोगिराला चार शिंगं असायची, दोन पुढे दोन मागे. पुढची दोन थोडी बाहेरच्या बाजूला वाकलेली, ती मांडीवर येऊन बसतात, मागची दोन कमरेला मागून धरतात. म्हणजे स्वार खोगिरावर बसत नाही, खोगिरात अडकून बसतो. बरीच वर्षं अभ्यासक मानत होते की रिकिबीशिवाय भाल्याचा जोरदार वार करताच येणार नाही, मग जमिनीत सापडलेले शिंगांवरचे काशाचे पत्रे आणि चामड्याचे तुकडे जुळवून पीटर कॉनोली यांनी असं खोगीर परत बनवलं, त्यावर बसून लोकांनी घोडे पळवले, वाकून वार केले, आणि माणूस पक्का बसतो हे दिसलं. फक्त चढताना शिंगांमुळे अडचण, त्यामुळे उडी मारून चढायचा सराव शिपायांना करावा लागायचा. एखाद्या डायरेक्टरने फक्त तो सराव दाखवावा, चिलखत घातलेली नवी पोरं घोड्यावर उड्या मारतायत आणि पडतायत, पाच मिनिटांत अख्खी रोमन फौज कळेल.

प्रश्न : वडिलांनी लहानपणी 'बेन-हर' दाखवला होता, साखळीने बांधलेले गुलाम वल्ही मारतायत तो सीन अजून विसरत नाही. तो तरी खरा आहे ना?

माझ्याही मनावर तो सीन कोरलेला आहे, पण नाही. रोमन आरमारातले वल्हेकरी बहुतेक स्वतंत्र माणसं होती, प्रांताप्रांतातून भरती झालेली, पगारी, सव्वीस वर्षं नोकरी केली की नागरिकत्व मिळायचं. गुलाम घ्यायची पाळी आली तर आधी त्यांना मुक्त करायचे, पुढे सम्राट झालेल्या ऑगस्टसने (तेव्हा तो ऑक्टेव्हियन होता) असे २०,००० गुलाम मुक्त करून वल्ह्यांवर बसवले. कारण साधं आहे, एकावर एक रांगांत शेकडो वल्ही एका तालात पडायला शिकलेली माणसं लागतात, एकाचा ताल चुकला की आजूबाजूची वल्ही एकमेकांत अडकतात, आणि ऐन लढाईत ज्याला तुम्ही साखळीने बांधलंय तो तुमच्यासाठी जीव तोडून वल्हं मारेल ही अपेक्षा ठेवता येत नाही. साखळदंडातले वल्हेकरी भूमध्य समुद्रात खरंच होते, पण ते फार नंतरचे, पंधराव्या-सोळाव्या शतकापासूनचे. ते चित्र उचलून मागे रोममध्ये नेऊन ठेवलं.

रथांची शर्यत मात्र बरीच बरी आहे, फेऱ्या मोजायच्या त्या डॉल्फिनच्या आकृत्या अगदी खऱ्या. रथ जास्त जड दाखवलेत, खरे हलकेफुलके असायचे, आणि एक गोष्ट राहिली, रोमन सारथी लगाम स्वतःच्या कमरेला गुंडाळायचा आणि पट्ट्यात सुरी ठेवायचा, रथ उलटला तर फरफटत जायच्या आधी लगाम कापायला.

प्रश्न : 'ग्लॅडिएटर २' मध्ये कोलोसियममध्ये पाणी भरून जहाजं लढवतात आणि पाण्यात शार्क! हे तर अतीच झालं ना?

शार्क अती, पाणी नाही. इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसने कोलोसियम उघडलं तेव्हा शंभर दिवसांचा सोहळा केला आणि त्यात पाणी सोडून जहाजांची लढाई झाली असं डिओ लिहितो. पण त्यानंतर पुढचा सम्राट डोमिशियनच्या काळात आखाड्याखाली तळघरं, बोळ, पिंजरे वर खेचायच्या यंत्रणा हे सगळं बांधलं गेलं आणि मग तिथे पाणी भरणं शक्य राहिलं नाही. हा सिनेमा सम्राट काराकालाच्या काळातला, म्हणजे सव्वाशे वर्षं उशीर. काराकाला आणि त्याचा भाऊ गेटा सिनेमातल्यासारखे जुळेही नव्हते, आणि काराकालाने भावाला मारवलं ते आईच्या कुशीत, ती त्याला वाचवायला कवटाळून बसलेली असताना.

प्रश्न : मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. माझं स्पष्ट मत आहे की असे सिनेमे नुकसान करतात, मुलं पडद्यावरचंच खरं धरून चालतात. तुम्ही मात्र त्यांचं कौतुक करता. हे कितपत योग्य?

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि अर्धं मला पूर्ण मान्य आहे. ते अर्धं कुठलं ते आधी सांगते.

हात सरळ पुढे ताठ करून सलाम करायचा तो 'रोमन सॅल्यूट' आपण शेकडो सिनेमांत पाहिलाय. रोमन लोक असा सलाम करत होते असं एकाही रोमन ग्रंथात लिहिलेलं नाही, त्यांच्या शिल्पांत तो दिसत नाही. तो आला चित्रकार दाविदच्या १७८४ च्या चित्रातून, तीन भाऊ बापापुढे हात पुढे करून शपथ घेतायत त्या चित्रातून. तिथून नाटकात गेला, नाटकातून मूकपटात, १९१४ च्या इटालियन 'काबिरिया'मध्ये तो दिसतो, त्याच सिनेमाशी जोडलेला कवी दानुन्झियो १९१९ मध्ये फियुमे शहर ताब्यात घेऊन बसला तेव्हा त्याने तो सलाम आपल्या माणसांना लावला, त्याच्याकडून मुसोलिनीने घेतला, मग हिटलरने. म्हणजे रोममध्ये कधी नसलेली गोष्ट 'आमच्या थोर रोमन पूर्वजांची' म्हणून करोडो लोकांकडून करून घेतली. हे नुकसानच आहे सर, आणि खोगीर-रिकिबीच्या चुकीशी याची तुलनाच नाही.

म्हणून मी चुकांना एकाच मापाने मोजत नाही. सीझरच्या काळातल्या शिपायांना पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत घातलं (तेव्हा कड्यांचं जाळीदार असायचं), मनगटांना ते चामड्याचे रुंद पट्टे बांधले, १९६३ च्या 'क्लिओपात्रा'मध्ये तिच्या मिरवणुकीला साडेतीनशे वर्षांनंतरच्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीसारखी कमान उभी केली, या चुका मला दिसतात, खटकतात, पण त्याने कोणाची समज बिघडत नाही. समज बिघडते ती कारण बदललं की. रोमन सम्राटाच्या मनात लोकशाही होती पण एका दुष्ट पोराने घात केला, असं दाखवलं की मुलगा घरी जाताना घेऊन जातो की राज्यं चांगल्या-वाईट माणसांमुळे चालतात. अंगरक्षक तुकडी गादी विकू शकते एवढी ताकद तिला कशी आली, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही.

आणि पांढरं संगमरवर! सगळे सिनेमे पांढरेफेक. ते पुतळे रंगवलेले असायचे. प्रिमा पोर्ता इथे १८६३ मध्ये सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर लाल-निळ्या रंगाच्या खुणा राहिलेल्या आहेत. रंग उडालेलं आपण शुद्ध मानलं, आणि त्या पांढऱ्या रोमला बघून पिढ्यानपिढ्या लोकांना वाटत राहिलं की मोठेपणाचा रंगच तो.

पण जे अर्धं मान्य नाही ते असं. 'स्पार्टाकस' बघून मी रडले होते, गुलामांच्या बंडाचा तो पुढारी शेवटी क्रूसावर आहे. मग पुस्तक उघडलं तर कळलं की तो इसवी सनपूर्व ७१ मध्ये लढतानाच पडला, त्याचं प्रेत कधी ओळखूच आलं नाही. आणि पकडलेल्या ६,००० जणांना काप्वा ते रोम रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवलं. तो रस्ता सुमारे दोनशे किलोमीटर. मी तेव्हा वहीत भागाकार केला, दर तेहतीस मीटरवर एक माणूस. चालताना एक मागे पडायच्या आत पुढचा दिसणार, असं दिवसेंदिवस. तो भागाकार मी केला कारण आधी सिनेमा पाहिला होता. सिनेमा नसता तर मला स्पार्टाकसचं नावसुद्धा माहीत नसतं, सर. तुमच्या वर्गातही अशी पोरं असणार, फक्त त्यांना पुढचं पुस्तक हातात देणारं कोणी हवं.

प्रश्न : रोमन लोक नेहमी ब्रिटिश इंग्लिश का बोलतात? खरी लॅटिन कशी ऐकू येत होती?

सवय पडलीय, दुसरं कारण नाही. २००४ च्या 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट'मध्ये लॅटिन आहे पण उच्चार चर्चमधले, नंतरचे, आणि येशूच्या प्रांतात रोमन अधिकारी लोकांशी बोलायचे ते बहुतेक ग्रीकमध्ये. खरे उच्चार ऐकायचे तर २०२० ची जर्मन मालिका 'बार्बेरियन्स' बघा, त्यातले रोमन जुन्या पद्धतीची लॅटिन बोलतात. सीझर नव्हे, काएसार. सिसेरो नव्हे, किकेरो. देवनागरीत हे लिहायला किती सोपं जातं बघा.

प्रश्न : मग नेमकं बघावं काय? एकच नाव सांगा.

'रोम' मालिका, २००५ ते २००७. मुलांसोबत बघण्यासारखी नाही हे आधीच सांगते. घटना तीही पुढेमागे करते, वर्षं गुंडाळते. पण तिथल्या भिंती रंगीत आहेत आणि रंग उडालेल्या आहेत, भिंतींवर वेडंवाकडं खरडलेलं आहे, गल्ल्यांत घाण आहे, आणि दर खोलीत कोपऱ्यात एक गुलाम उभा आहे ज्याच्याकडे कोणी बघत नाही. मालकीण त्याच्यासमोर वाटेल ते बोलते, वागते, जणू तिथे माणूसच नाही. ते बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हां, हे रोम असणार.

आणि त्यातले दोन शिपाई, व्होरेनस आणि पुलो, ते सीझरच्या स्वतःच्या पुस्तकातले आहेत. मालिकेत पुलो साधा शिपाई आहे, पुस्तकात दोघेही सेंचुरियन (तुकडीचे नायक), बढतीसाठी वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडणारे. छावणीला वेढा पडलेला असताना पुलो म्हणतो आज ठरवू कोण भारी, आणि तटबंदीबाहेर उडी मारतो. मागून व्होरेनसही जातो, मागे राहिलो तर लोक काय म्हणतील म्हणून. शत्रूचा भाला पुलोच्या ढालीतून आरपार येऊन पट्ट्यात अडकतो, म्यान सरकतं, हाताला तलवार सापडत नाही, तेव्हा व्होरेनस धावतो. मग व्होरेनस लढता लढता खड्ड्यात पडतो आणि त्याला पुलो सोडवतो. दोघे जिवंत आत येतात, आणि सीझर लिहितो की दोघांत जास्त शूर कोण हे सांगता येणार नाही. मालिका सुरू होते ती या प्रसंगाच्या दोन वर्षं नंतर, त्यामुळे हे त्यात नाही. सीझरच्या गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपास) युद्धावरच्या पुस्तकाचा पाचवा खंड, चव्वेचाळीसावं प्रकरण, पानभराचंच आहे. मालिका लावायच्या आधी तेवढं वाचा.